कापडाची बाई

बाई आमच्या गावात आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाटकाच्या दुकानापुढं उभ्या राहून बकऱ्याची लघवीची पिशवी मागत होत्या. "फाटकी नको, अख्खी पाहिजे. दोन असल्या तर दोन्ही दे," असं त्या म्हणाल्याचं माझ्या चुलत्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो तसाच धापा टाकत आमच्या दुकानात आला आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाला, "दादा, सरकारनं पोरींच्या शाळेवर हे काय धाडलंय?"

आम्ही लिंगायत वाणी. घरात अंड्याचं नाव निघालं तरी माय चूळ भरायची. गाव सिंदफणेच्या काठचं, माजलगावचा बाजार बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. राज्य निजामाचं. मुलांची शाळा जुनी होती, मुलींची नुकतीच निघालेली. सरकारी कागदात तिला 'तहतानिया' म्हणत, गावात पोरींची शाळा. आधीच्या मास्तरीणबाई आम्हाला ओळीनं बसवून पाढे म्हणायला लावायच्या आणि स्वतः भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या. गाव त्यांच्यावर खूश होतं.

नव्या बाईंची जात कुणालाच सांगता येईना. विचारलं तर म्हणायच्या, "मास्तरीण." कपाळ मोकळं, पण दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या. विधवा म्हणावं तर बांगड्या, सवाष्ण म्हणावं तर कुंकू नाही. पाणवठ्यावर एका बाईनं न राहवून विचारलं, "नवरा हाय का न्हाई वो?" बाई घागर उचलता उचलता म्हणाल्या, "ते कळून तुझी भाकर फुगणार हाय का?" ती बाई घागर न भरताच घरी गेली म्हणतात.

तिसऱ्या दिवशी त्या पिशव्या वर्गात आल्या. बाईंनी कंदिलाची एक काच घेतली होती. तिच्या वरच्या तोंडातून बोरूची नळी आत सोडून नळीच्या टोकाला एक पिशवी बांधली होती आणि ते तोंड मेणानं बंद केलं होतं. खालच्या तोंडाला हलगीला लावतात तसलं चामडं, पण पातळ, भिजवून मऊ केलेलं. बाईंनी ते चामडं चिमटीत धरून खाली ओढलं. काचेच्या आत पिशवी हळूच फुगली. चामडं सोडलं, पिशवी बसली. पुन्हा ओढलं, पुन्हा फुगली.

कुणी फुंकर मारली नव्हती. कुणी नळीला तोंड लावलं नव्हतं. मेलेल्या बकऱ्याचं ते कातडं आमच्या डोळ्यांदेखत श्वास घेत होतं. आम्ही वीसबावीस पोरी एकमेकींना चिकटलो. मागच्या बाजूला बसलेली एक पोर रडायला लागली.

"रडतीस काय? तुझ्यातबी हेच चाललंय," बाई म्हणाल्या. "ही काच म्हंजे बरगड्या. ही पिशवी म्हंजे फुप्फुस. आन हे चामडं तुमच्या छातीखाली आडवं पसरलेलं हाय. जल्मल्यापासून राबतंय बिचारं, नि तुमाला त्याचं नावबी ठाऊक न्हाई."

मी पुढं होऊन त्या चामड्याला हात लावला. संध्याकाळी घरी सांगितलं. मायनं मला आडाजवळ उभी करून कपड्यांसकट सात घागरी पाणी डोक्यावर ओतलं. त्या दिवसापासून शाळेतून आलं की आधी आंघोळ, मग घर, असा नियम झाला.

हिफ्जाने-सेहत नावाचा एक विषय असायचा. म्हणजे आरोग्य. त्याचं पातळसं पुस्तक होतं, त्यात माणसाचं एक चित्र होतं, आतलं सगळं दिसणारं. बाई ते पुस्तक उघडतच नसत. "हे चित्र पापडासारखं हाय, चपटं. माणूस काय पापड हाय का? माणसाला पुढं हाय, मागं हाय, आत हाय. जे आत हाय ते कागदावर दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या सगळं करून दाखवायच्या. चिखलाचा दात, वर चुन्याचा थर देऊन. नारळाच्या करवंटीत बसवलेला मेणाचा डोळा. चुकलेल्या पोरीला त्या छडी मारत नसत. जे चुकलं ते तिला मातीत करून आणावं लागे. मी एकदा काळीज उजव्या बाजूला सांगितलं, तर मला काळजाचे चार कप्पे मातीत करायला आठ दिवस लागले. अजूनही झोपेतून उठवून कुणी विचारलं तर मी सांगेन.

"हो बाई" असं सगळ्यांनी मिळून म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कुणाकुणाला कळलं?" त्या विचारायच्या. आम्ही सगळ्या हात वर करायचो. "मग ये पुढं, दाखव." हात खाली.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना खोड होती. नाडी मोजायच्या. बाजारात, देवळापुढं, कुठंही. आमच्या मायचं मनगट त्यांनी भर आठवडी बाजारात धरलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुमच्यात. मेथी खावा. नवऱ्याच्या आधी खावा." माय लाजेनं अर्धी झाली. 'नवऱ्याच्या आधी' हे शब्द तिनं घरी आप्पांना सांगितले नाहीत. मला मात्र दोनदा सांगितले.

पहिल्या दिवाळीनंतर बाईंनी कापडाची बाई शिवायला घेतली. गावातून जुनी लुगडी मागून आणली, कापूस तर दारोदार होताच. दोन महिन्यांत आमच्याएवढ्या उंचीची एक बाई तयार झाली. डोकं, हात, पाय, सगळं. पोटावर झाकण, ते नाड्यांनी बांधलेलं. नाड्या सोडल्या की आत लाल आलवणाचं जठर, तपकिरी कापडाचं यकृत आणि गुंडाळून ठेवलेलं आतडं. आतड्यासाठी बाईंनी एका लुगड्याचा काठ पहिल्यापासून शेवटपर्यंत उसवून त्याची नळी शिवली होती.

"किती लांब असंल?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं दोन हात, कुणी चार. "धर टोक," बाई म्हणाल्या आणि ओढायला लागल्या. एकेक पोर आतडं धरून उभी राहिली. वर्ग संपला, पडवी संपली, आतडं संपेना. आम्ही ते धरून रस्त्यावर आलो. तेवढ्यात पाटील घोड्यावरून आले. समोर रस्ता अडवून पोरी उभ्या, हातात लांबच लांब लाल काहीतरी. घोडं बुजलं.

"काय चाललंय हे?" पाटील ओरडले.

"वाईच थांबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आतडं चाललंय. तुमच्या पोटातबी एवढंच हाय. अख्ख्या लुगड्याएवढं."

पाटील, गावात ज्यांच्यापुढं माणूस पायात वहाण ठेवत नसे ते पाटील, घोडं वळवून मागच्या गल्लीनं गेले. त्यांनी घरापुढं उतरताना पोटावर हात ठेवल्याचं त्यांच्या गड्यानं पुढं कितीतरी दिवस सांगितलं.

हसून खेळून हे असंच चाललं असतं. पण त्या कापडाच्या बाईच्या पोटात, सगळ्यात खाली, एक गोल पिशवी होती आणि ती कायम शिवलेली असायची. आम्ही विचारलं की बाई म्हणायच्या, "तिची वेळ आली की उसवीन."

ती वेळ माघात आली. आम्ही चौथीतल्या सहाजणी. त्यातल्या तिघींची लग्नं झालेली, माझं ठरत आलेलं. मी अकरा-बारा वर्षांची. बाईंनी बाकीच्या पोरींना सुट्टी दिली, दार ओढून घेतलं आणि कात्रीनं पिशवीचे टाके कापले. आत एक मूल होतं. कापडाचं, डोकं खाली, गुडघे पोटाशी घेतलेलं, बेंबीतून एक पीळ घातलेली दोरी निघून पिशवीला जोडलेली.

मूल देवाच्या दयेनं होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कुठून होतं हे आम्ही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. आणि बाईंनी ते मूल आमच्यापुढं, त्याच वाटेनं, हळूहळू बाहेर आणून दाखवलं. आमच्यातली लग्न झालेली एक पोर भिंतीकडं तोंड करून बसली.

"इकडं बघ," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या अंगात हे व्हनार हाय. तूच बघणार न्हाईस तर कोण बघणार?"

मग त्यांनी मूल परत आत घातलं, पण आडवं. त्याचा एक हात बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, "ओढ."

मी ओढलं. पिशवीची शिवण करकरली. मूल हलेना.

"अजून ओढ."

शिवण फाटायला आली.

"बघितलं? ओढशील तेवढं अडकंल. असं झालं तर हात आत सारायचा. आत जाऊन पाय शोधायचा. पाय कसा वळखशील? टाच चाचपायची. हाताला टाच नसती. पाय गावला की त्याला धरून मूल फिरवायचं." त्यांनी माझा हात त्या कापडाच्या पोटात घातला आणि मला बोटांनी टाच शोधायला लावली. टाचेच्या जागी कापूस घट्ट भरून त्यांनी छोटीशी गाठ केली होती. "माझी बहीण अशीच गेली," त्या म्हणाल्या. "सात बाया होत्या तिच्याजवळ. सातीजणी हात ओढत होत्या."

मी घरी जाऊन मायला सगळं सांगितलं. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. इतकं मोठं काहीतरी पाहिलं होतं की ते पोटात मावेना. माय ऐकता ऐकता पिठाच्या परातीतच हात ठेवून बसली. मागं आप्पा उभे होते, हे दोघींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी अर्जी लिहवली. खाली गावातल्या चौदा मोठ्या माणसांच्या सह्या. बाई कोवळ्या मुलींना बेशरमपणा शिकवतात, त्यांना काढावं. महिन्याभरात बीडहून चौकशीला एक बाई आल्या, बुरख्यातल्या, मऊ आवाजाच्या. मला पुढं उभं करून त्यांनी उर्दूत विचारलं, "बेटी, तुम्हारी उस्तानी ने कोई बेहया चीज़ दिखाई?"

पडवीत आप्पा बसले होते. आमच्या बाई समोर उभ्या होत्या, माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत. मी मान खाली घालून म्हणाले, "जी हाँ."

हुकूम येईपर्यंत बाईंनी शाळेत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. शाळेला कुलूप लागलं. बाई आपल्या भाड्याच्या खोलीत राहिल्या. कापडाची बाई त्यांच्याबरोबर होती.

याच दिवसांत माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सोळा-सतरा वर्षांची होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मी तिला चार कप्प्यांचं काळीज समजावून सांगायची आणि ती हसून म्हणायची, "माझ्यात एकच हाय गं, तेबी सासूनं घेतलंय."

चैत्रातल्या एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली. म्हातारी, अनुभवी, आम्ही सगळी भावंडं तिच्याच हातची. दुपार झाली तरी काही नाही. मी दाराबाहेर बसले होते. आतून अक्काचा आवाज आधी मोठा होता, मग घोगरा झाला, मग नुसतं कण्हणं राहिलं. माय बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं मला बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "हात आलाय भाईर. नुसता हात."

मी काही विचार केला नाही. कुणाला विचारलंही नाही. अनवाणी पळत सुटले. उन्हात रस्ता तापलेला होता, त्याचे फोड नंतर आठ दिवस होते, पण तेव्हा कळलं नाही.

बाई दारातच बसून काहीतरी शिवत होत्या. मी म्हणाले, "अक्काचा... हात आलाय."

त्यांच्या हातातलं कापड खाली पडलं. मला वाटलं, त्या झटकन उठतील. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मी जित्या बाईला कधी हात लावलेला न्हाई," त्या म्हणाल्या.

बाईंना सगळं येतं, असं मी धरून चालले होते.

"पुस्तकात बघितलं. हैदराबादेला दवाखान्यात लांबून बघितलं. बाकी सगळं कापडात. मला न्हाई येत, पोरी."

"मंग ती मरंल," मी म्हणाले.

बाई उठल्या. कापडाच्या बाईला काखेत मारलं आणि चालायला लागल्या. तिच्या पोटाचं झाकण बांधायलाही थांबल्या नाहीत. भर बाजारातून आम्ही गेलो. कापडाच्या बाईचे पाय लोंबत होते, पोट उघडं, आतलं लाल दिसत होतं. माणसं दुकानांतून उठून उभी राहिली.

आमच्या ओट्यावर आप्पा होते. त्यांनी बाईंना पाहिलं, काखेत काय आहे ते पाहिलं आणि दार अडवलं.

"तुमी आत जायचं न्हाई."

बाई थांबल्या. मग आतून मायचा आवाज आला. माझ्या मायनं आप्पांपुढं कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. ती उंबऱ्यात आली, तिच्या हाताला रक्त होतं. ती म्हणाली, "बाजूला व्हा."

आप्पांना ते ऐकू आलंय असं वाटेना.

"बाजूला व्हा म्हनलं ना! लेक माझी हाय!"

आप्पा बाजूला झाले. भिंतीला लागले.

बाळंतिणीच्या खोलीत एकच झरोका, तोही सुईणीनं चिंध्यांनी बुजवलेला. बाईंनी आधी चिंध्या ओढून काढल्या. उजेड आत आला आणि अक्का दिसली. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुठं बघत होती कळत नव्हतं. मी परत बाहेर जायला हवं होतं, पण कुणी मला घालवलं नाही, म्हणून मी कोपऱ्यात राहिले.

सुईण म्हणाली, "हिकडं काय काम हाय तुझं? साठ वर्सं पोरं काढतीया मी. मला शिकवती का?"

बाई तिच्यापुढं खाली जमिनीवर बसल्या. "न्हाई. मला काहीच येत न्हाई. माझ्याजवळ नुसते डोळे हायेत. हात तुझ्याजवळ हाय." त्यांनी कापडाची बाई सुईणीपुढं ठेवली, आतलं मूल आडवं केलं, हात बाहेर काढला. "हे असं झालंय आत. आता हिच्यात हात घाल. पाय शोध."

"हे बाहुलीचं खेळ..."

"घाल म्हनते ना, माय."

त्या 'माय' शब्दानं काय झालं कुणास ठाऊक. म्हातारीनं हात घातला. चाचपलं. पहिल्यांदा तिनं हातच धरला. बाई म्हणाल्या, "टाच हाय का?" म्हातारीनं मान हलवली. पुन्हा आत. तिच्या कपाळावर घाम आला. आणि मग तिचा चेहरा एकदम थांबला. तिला गाठ लागली होती. तिनं ओढलं, आणि कापडाचं मूल आत फिरून पायाकडून बाहेर आलं.

म्हातारी त्याच्याकडं नुसती बघत राहिली. "आसं हाय व्हय," ती पुटपुटली. "आसं हाय व्हय आत."

बाईंनी तिची नखं काढली. उकळलेल्या पाण्यानं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, दोनदा. मग बाई अक्काच्या उशाशी बसल्या, तिचं मनगट धरलं आणि सुईणीला सांगत राहिल्या. कळ आली की थांब. कळ गेली की पुढं जा. ओढू नको. टाच बघ. म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते. अक्कानं एकदाच आवाज काढला, माणसाचा नव्हे असा. मी दोन्ही कान दाबून धरले, डोळे मात्र मिटता आले नाहीत.

"गावली," म्हातारी म्हणाली. "गावली गं, टाच गावली."

मूल पायाकडून आलं. मुलगा होता. निळा पडलेला. बाईंनी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, त्याच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली, कितीतरी वेळ. ते जिवंत नव्हतं. बहुतेक सकाळीच गेलं होतं.

अक्का वाचली. तिला पंधरा दिवस ताप होता, पण वाचली.

बाई मागच्या आडावर हात धुवत होत्या. आप्पा तिथं गेले. मी पाणी ओतत होते, म्हणून मी ऐकलं. आप्पांनी हात जोडले होते. म्हणाले, "बाई, मी अर्जी मागं घेतो."

"नका घेऊ."

आप्पा गोंधळले. "कावून?"

"अर्जीत लिवलंय ते खरं हाय. मी पोरींना दाखवलंच हाय. मागं घेतली तर दाखवलं न्हाई असं व्हईल. मागं घेऊ नका, त्याच्याखाली अजून एक कागद लावा. आज काय झालं ते लिवा."

"सरकारी कागदावर?" आप्पा म्हणाले. "लेकीच्या बाळंतपणाचं? चारचौघांत?"

"चारचौघांत तिची तिरडी निघाली असती, तवा चाललं असतं?"

बाईंनी पदराला हात पुसले आणि पुढच्या दारानं निघून गेल्या. मला वाटलं होतं आप्पा त्यांना थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही, आणि लिहिलंही नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. आप्पा दुकानात बसायचे, घरी यायचे, जेवायचे. मला त्यांच्या पानात वाढावंसं वाटत नव्हतं, इतका मला त्यांचा राग आला होता. बापाचा राग येऊ शकतो, याचंच मला भय वाटत होतं.

ताप उतरल्यावर अक्कानं मला जवळ बोलावलं. "कागद आन," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिव."

मी वही आणली. अक्का आढ्याकडं बघत सांगत गेली आणि मी लिहीत गेले. माझं मूल आडवं होतं. हात भाईर आला होता. शाळेच्या बाईनं कापडाच्या बाईत दाखवलं म्हणून सुईणीला कळलं. मूल गेलं. मी जित्ती हाय. शेवटी म्हणाली, "हेबी लिव, की मला कुणी आधी दाखवलं असतं तर मी सकाळीच सांगितलं असतं, की मूल आडवं लागतंय. मला लागत होतं. पन सांगायचं कसं ते ठाऊक नव्हतं."

मग तिनं निरांजनाच्या काजळीत अंगठा बुडवून खाली उठवला.

आप्पा दारात कधी आले कळलं नाही. त्यांनी कागद मागितला. त्यांनी उभ्यानंच वाचला, एकदा, मग दुसऱ्यांदा. अक्का त्यांच्याकडं बघत होती, नजर न हलवता. आप्पांनी कागद मला परत दिला.

"वर 'बखिदमत' लिव," ते म्हणाले. "सरकारी कागदाला वर तसं लागतं. नाहीतर वाचत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी माजलगावला जाऊन त्यांनी तो स्वतः टपालात टाकला. एकाच घरातून एकाच बाईवर दोन कागद गेले.

हुकूम ज्येष्ठात आला. त्यात लिहिलं होतं की सदर उस्तानी मुलींना शिकवायला नालायक आहे, सबब तिला शाळेतून कमी करून बीडला दायांच्या शिक्षणावर नेमण्यात येत आहे. आमच्या कागदामुळं असं झालं की कशामुळं, ते कुणालाच कळलं नाही. मुलींना शिकवायला नालायक आणि दायांना शिकवायला लायक. आप्पांनी ते तीनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी मी बाईंकडं गेले. गाडी जुंपलेली होती. कापडाची बाई त्यांनी आमच्या सुईणीला देऊन टाकली होती. मी म्हणाले, "बाई, मी घरी सांगितलं होतं. माझ्यामुळं झालं हे."

"खोटं सांगितलंस का?"

"न्हाई."

"मंग रडतीस कावून?" त्यांनी माझं मनगट धरलं, थोडा वेळ मोजलं आणि सोडलं. "लई जोरात चाललीया. पाणी पी." आणि गाडीत बसल्या.

नवीन मास्तरीणबाई आल्या. त्या पुस्तकातून शिकवायच्या. माझं पुढच्याच वर्षी लग्न झालं.

चार वर्षांनी मला दिवस गेले तेव्हा अक्कानं हट्ट धरला, की मला बीडला नेऊन बाईंना दाखवायचं. अक्काला मधल्या काळात एक मुलगी झाली होती, सुखरूप. ती आणि मी, दोघी गेलो. बाई दवाखान्यामागच्या एका पडवीत भेटल्या. केस पिकले होते. हातात बांगड्या तशाच. आम्ही आल्याचं बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि बसायची खूण केली, कारण वर्ग चालू होता.

समोर सात-आठ म्हाताऱ्या दाया बसल्या होत्या, खेड्याखेड्यांतून आलेल्या. मध्ये एक नवी कापडाची बाई. एक सुरकुतलेली म्हातारी तिच्या पोटात हात घालून बसली होती. तिला टाच सापडली असावी, कारण ती एकदम थांबली. मग तिचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्या हाताची बोटं ती मिटायला लागली, एक, दोन, तीन, चार. ओठांत गेलेल्या बाळंतिणी मोजत होती. उमापूरची. चौसाळ्याची. पाचव्या बोटाशी येऊन ती मोठ्यानं रडायला लागली. "मी ओढलं वो," ती म्हणाली. "समद्यांचं मी हातच ओढलं."

माझा हात माझ्या पोटावर गेला. अक्कानं माझा दंड घट्ट धरला.

बाईंनी तिला समजावलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्या वाकून तिच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "रड. पन हात भाईर काढू नको."

म्हातारीनं दुसऱ्या हातानं पदर ओढून नाक पुसलं, डोळे मिटले, आणि पाय धरून मूल फिरवायला लागली.